शिवदासचं नाव मागे का गेलं

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या खोलीत बसले असता एक तरुण न विचारताच आत आला आणि त्याने हातातले कागद टेबलावर आपटले. आचार्यांचा शिष्य शिवदास याचा तो धाकटा भाऊ. सातवीत शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात लागलेला. शिवदासला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

माणूस उपाशी असतो तेव्हा त्याचं शरीर कशावर चालतं, या एका प्रश्नामागे शिवदासने आयुष्य घातलं. त्यावरचे त्याचे सत्तावीस शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. त्यांची यादी धाकट्याने कुणाकडून तरी छापून आणली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण भावाचं नाव तो अक्षरांच्या आकारावरून ओळखत असे.

"सर, आधी दादाचं नाव पहिलं आहे. नंतर मागंमागं गेलंय, अन् अलीकडं तर पार शेवटी. आमच्यात लग्नपत्रिकेत नाव खाली पडलं तर चुलता मांडवात पाय ठेवत नाही. माझ्या भावाला मागं कुणी ढकललं?"

शिवदासची विद्यार्थिनी तांबोळी तिथेच संगणकापाशी बसली होती. अठ्ठाविसावा निबंध आज छापायला पाठवायचा होता. त्यातले प्रयोग चार वर्षं तिने केले होते. पहिलं नाव तिचं होतं आणि त्याशिवाय तिला पदवी मिळणार नव्हती. शेवटचं नाव शिवदासचं.

"ह्यात तरी त्याला पहिला घाला," धाकटा तिला म्हणाला. "तुम्ही अजून शंभर लिहाल. त्याचा हा शेवटचाच."

तांबोळीचे डोळे भरले. "घालते, भाऊ. शिवदाससरांपुढे माझी पदवी काय मोठी?"

आचार्यांनी खणातून कात्री काढली आणि यादी कापायला घेतली.

"अहो, हे काय? फाडताय कशाला?"

"कापतोय. माझा हात थरथरतो, तू काप. वेल्डिंगवाल्याला सरळ रेघ यायला हवी!"

धाकट्याने धुसफुसत एकेका निबंधाची पट्टी कापली. आचार्यांनी त्या सालवार जमिनीवर मांडल्या. मग डबीतून बडीशेप घेऊन पहिल्या अकरा पट्ट्यांवर, शेवटच्या नावावर, एकेक दाणा ठेवला. पुढच्या पट्ट्यांवर एकही नाही.

धाकटा गुडघ्यांवर बसला. "अकराही ठिकाणी एकच नाव दिसतंय. हा कोण?"

"मी."

"तुम्ही? शेवटी?" तो चमकला. "मग बाराव्यापासून कुठं गेलात?"

"त्याला माझी गरज उरली नाही. बारावा छापून आला त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. आता खालच्या पट्ट्यांवरची पहिली नावं बघ. सारखी आहेत?"

तो बोट फिरवत अक्षरांचे आकार जुळवत राहिला. "नाही. सहा निरनिराळी आहेत."

"ती सहा माणसं तुझ्या भावाने उभी केली. आमच्याकडे पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं नाव, ज्याच्या भरवशावर तो राबला त्याचं. शिवदासला कुणी ढकललं नाही. पुढे माणसं येत गेली, म्हणून तो मागे सरकला. त्याचा विषय त्याने कधी तुला सांगितला होता?"

"उपासाचं कायतरी. आईची चतुर्थी असली की म्हणायचा, आई, आज तुझ्या यकृताला सुट्टी नाही."

आचार्य हसले. "बरोबर सांगितलं त्याने. अन्नातली साखर शरीर दोन जागी साठवतं, स्नायूंत आणि यकृतात. स्नायूंचा साठा मोठा, पण ते ती साखर रक्तात सोडत नाहीत. ती त्यांच्याच कामाची. यकृताचा साठा लहान, पण उपाशीपणी ते आपली साखर रक्तात सोडतं आणि त्यावर मेंदू चालतो. विद्या साठवणारी माणसंही अशी दोन प्रकारची असतात. तुझा भाऊ दुसऱ्या प्रकारचा होता. आज त्याचं नाव पुढे ओढलंस, तर त्याने हिला दिलेलं तू त्याच्याच नावाने परत घेशील."

धाकटा उठून तांबोळीजवळ गेला.

"ताई, तुमचंच राहू द्या पहिलं. पण तो गेलाय, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"नावावर एक बारीक खूण करतात, भाऊ. आणि खाली एक ओळ लिहितात."

"ती खूण मी करू?"

तिने कळ दाखवली. त्याच्या जाड, भाजलेल्या बोटाने ती जपून दाबली. शिवदासच्या नावावर इवलीशी खूण उमटली. तो त्या खुणेकडे पाहत राहिला.

"पाठवा आता," तो म्हणाला. "अन् ह्यात काय सापडलं, ते मला कळेल असं सांगा. पहिल्यापासून."

तांबोळीने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.