जमलं, आभारी आहे

त्या राज्यात राजा नव्हता आणि कुठल्याच दाराला कुलूप नव्हतं. पूल मोडला की ज्याला दिसे तो दुरुस्त करी. कुणाचं काही अडलं तर गावाबाहेर मऊ दगडाचा एक कडा होता. त्यावर प्रश्न कोरायचा. जाणत्याने त्याखाली उत्तर कोरायचं. नियम एकच होता. आपलं काम जमलं की ते कसं जमलं, हे आपल्या प्रश्नाखाली लिहून ठेवायचं. न पाळणाऱ्याला शिक्षा मात्र काही नव्हती.

तिथल्या साळोजी साळिंदराने बंद नगरीतून एक मोर आणला. बंद नगरीवाले मोर विकत, पण मोराची भाषा कुणाला सांगत नसत. अंगणात आल्याबरोबर मोर पिसारा मिटून, करडा होऊन बसला. "छान आहे हो कोंबडी," शेजारी म्हणाले.

साळोजीने कड्यावर प्रश्न कोरला. तो वाचून धोंडूअण्णा नावाचं म्हातारं कासव आपण होऊन आलं आणि तीन दिवस राबलं. अंगणात पूर्वीपासून एक कावळा दुभाष्या होता. तो प्रत्येक हुकूम स्वतःच्या समजुतीने मोराला सांगे. आधी त्याला अंगणातून हुसकावून लावावं लागलं. मग कोणती हाक पहिली, कोणती नंतर, कोणतं दार केव्हा उघडायचं, सगळं अण्णांनी करून दाखवलं. तिसऱ्या दिवशी पिसारा उघडला आणि अंगण निळंहिरवं झालं. साळोजी आनंदाने नाचलाच. धावत कड्याकडे गेला आणि प्रश्नाखाली "जमलं. आभारी आहे." एवढंच कोरून परतला. बाकीचं उद्या लिहू म्हणाला. आता उद्या म्हणजे काय, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

पुढे एकदा गोदा चिचुंद्री दारात आली.

"दादा, माझाही मोर पिसारा उघडत नाही हो. तुम्ही काय केलंत?"

ओसरीवर पाहुणे बसले होते. साळोजी मोठेपणाने म्हणाला, "अगं, कड्यावर बघ की! आधी वाचावं, मग विचारावं." पाहुणे हसले. गोदा मान खाली घालून गेली.

काही वर्षांनी राज्याने वाटा, घरं, अंगणं उकरून स्वतःला नव्याने बांधून काढलं. ते अधूनमधून होई आणि सगळ्यांच्या भल्याचंच असे. पण त्या गडबडीत कावळा पुन्हा अंगणात येऊन बसला आणि मोर पुन्हा करडा झाला. साळोजीच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. मांडवात मोर नाचेल, असं तो व्याह्यांना छातीठोकपणे सांगून बसला होता. कावळ्याला हुसकावायचं, एवढं त्याला आठवलं. पुढचं काही केल्या आठवेना. धोंडूअण्णा तर केव्हाच वारले होते.

तो कड्याकडे पळाला. शोधता शोधता अगदी हाच प्रश्न सापडला. असाच मोर, असाच करडा रंग. "सुटलो बुवा!" म्हणत तो उत्तर वाचायला वाकला.

"जमलं. आभारी आहे."

अक्षर त्याचंच होतं.

त्याखाली ओळीच ओळी होत्या, कुणी नखाने कोरलेल्या, कुणी चोचीने. "कसं जमलं?" "भाऊ, कसं ते सांगा ना." "कुणी आहे का?" आणि सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात, "कड्यावर बघ म्हणाले म्हणून आले. इथेही नाही. मोर परत पाठवते आहे. गोदा."

साळोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग पाठीवरचा एक काटा उपटून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो डाव्या हातात धरला, आणि गोदाच्या ओळीखाली हळूच कोरलं, "कसं जमलं?"