वाकड्या तोंडाची सांडशी

फार जुन्या काळी, अवजारं माणसांशी बोलत असत तेव्हा, येसाजी लोहार वारला आणि त्याची लेक गोदा भट्टीपाशी बसली. भिंतीवरची एक सांडशी मात्र तिच्या ओळखीची नव्हती. बाकीच्या सांडशांची तोंडं सपाट होती, हिचं बाकदार.

"ही वाकडी झालीय. तापवून सरळ ठोकते," गोदा म्हणाली.

सांडशी भेदरली. कित्येक वर्षांत तिला कुणी हातात घेतलं नव्हतं. आपण कशासाठी घडलो, हे तीच विसरून गेली होती.

"थांब, पोरी," ऐरण म्हणाली. "तुझ्या बापानं ती मुद्दाम तशी घडवली. आधी पहार धरून बघ."

गोल पहार सपाट सांडशीतून निसटून कालच गोदाचा हात भाजला होता. तिनं भीतभीतच तापलेली पहार बाकदार तोंडात धरली आणि हातोडा मारला. सांडशीनं जीव खाऊन पकड आवळली. पहार जागची हलली नाही.

टोक घडून झाल्यावर गोदानं सांडशीवरची राख पुसली.

"मला वाटलं, तू बिघडलीस."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," सांडशी म्हणाली.