आक्का कोणत्या दरवाजानं जाणार?

"माझी आक्का कोणत्या दरवाजानं जाणार?"

केरबानं नाकेदाराला विचारलं, कारकुनाला विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं. जो तो त्याच्या हातातल्या मडक्याकडे बघून दोन पावलं मागे सरकायचा.

त्या वेशीला तीन दरवाजे होते. डावा माणसांचा, उजवा मालाचा. मधल्या मोठ्या दरवाजावर पाटी होती: 'माणसांना व मालाला सक्त मनाई.' तो राजा भैरवसेनाचा!

पाच राज्यांचा करार होता. पाचांपैकी कुठल्याही राज्याच्या माणसानं कुठल्याही वेशीतून खुशाल जावं. जोडीदार परमुलखातला असला, तर त्यानंही जावं; फक्त दोघं सोबत हवीत.

केरबाची बहीण गोजरा पाच राज्यांतली. तिचा नवरा दोर्जे बर्फाच्या डोंगरांपलीकडचा, लोकर विणणारा. दोघांनी शेजारच्या राज्यात संसार थाटला. आठ दिवसांपूर्वी गोजरा तापानं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्या अस्थी माहेरच्या नदीत सोडा. यांच्याच हातानं."

नदी वेशीच्या आत, दोर्जे वेशीच्या बाहेर! आणि परवा दहावा.

"बायको सोबत असेल तर सोडतो," नाकेदार दोर्जेला म्हणाला.

"ही काय सोबत!" केरबानं मडकं पुढं केलं.

"परवान्यावरच्या चित्राशी चेहरा जुळत नाही."

केरबाचं डोकं सणकलं. हातात मडकं होतं म्हणून नाकेदार वाचला!

"आणि लग्न तरी खरं कशावरून?" नाकेदारानं लग्नाचं चित्र उन्हात धरलं. "यात नवरा हसतोय. खऱ्या लग्नात नवरे हसतात होय?"

"नवरीचा भाऊ आहे मी! मांडवात याचा कान पिळलाय! या, तुमचाही पिळून दाखवतो!"

इतक्यात शिंगं वाजली. शिकारीहून परतणारा भैरवसेन घोड्यावरून आला. त्याचा आडमुठेपणा पाचही राज्यांत गाजलेला. एकदा भर वैशाखात तो चुकून "थंडी आहे" म्हणाला, तर दरबार महिनाभर घोंगड्या पांघरून बसला होता!

त्यानं सगळं ऐकलं आणि मिशीला पीळ दिला. "बायको आत शिरली, की मागोमाग नवरा शिरेल. आधी नाही! दाखव तिला आत शिरवून. नाहीतर घरी चालता हो!"

"कबूल, सरकार. फक्त दरवाजा सांगा. माणसांच्या दरवाजानं नेऊ?"

"हॅ! मडकं काय माणूस आहे?"

"मग मालाच्या?"

राजा 'हो' म्हणणार, तोच नाकेदार कानाशी कुजबुजला, "नको, महाराज! ज्याचा माल तोही सोबत आत जातो. हा दोर्जे घुसेल!"

"माल नाही!" राजा ओरडला.

"माणूस नाही, माल नाही. नक्की, सरकार?"

"नक्की! आमचा शब्द एकदाच निघतो!"

केरबानं मधल्या दरवाजाकडे बोट केलं. "मग त्या पाटीवर आक्काला मनाई कुठंय? तिथं माणसांना आहे आणि मालाला आहे."

नाकेदारानं पाटी पुन्हा वाचली. राजा मात्र हसला. "वा! पण मडकं आत नेणार कोण? तू तर माणूस आहेस!"

"मी कशाला नेऊ? त्या दरवाजानं जाणारे आपण एकटेच. जाताच आहात, तर तेवढं आक्काला घेऊन चला!"

राजानं केरबाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि घोडा बिचकावा इतक्या मोठ्यानं हसत सुटला!

"आण इकडे!"

भैरवसेनानं मडकं मांडीवर घेतलं, सांभाळून, आणि मधल्या दरवाजातून आत गेला. मागोमाग दोर्जे डाव्या दरवाजानं शिरला. अडवायला नाकेदाराला कारणच सापडेना! शेवटी केरबा गेला.

आत राजानं मडकं दोर्जेच्या हाती दिलं. "याला पुन्हा कुठलाही प्रश्न विचारायचा नाही," त्यानं नाकेदाराला बजावलं. मग केरबाला म्हणाला, "बक्षीस माग!"

"कानपिळीचं पागोटं राहिलंय माझं. दाजींनी डोंगरापलीकडून मागवलं होतं. चार वर्षं झाली, आपल्या मालाच्या दरवाजात अडकलंय!"

राजा पुन्हा हसला आणि त्यानं स्वतःचं पागोटं काढून केरबाच्या डोक्यावर ठेवलं.

"चल ना, केरबा," दोर्जे म्हणाला.

"नको. तुम्ही दोघंच जा."

पागोटं त्याच्या डोळ्यांवर घसरत होतं. त्यानं ते तसंच राहू दिलं. मग पुढं झाला, दाजीचा कान धरला आणि मांडवात पिळला होता तसाच पिळला.

"आक्काला नीट ने हं, दाजी!"