साळूचा झिरा

जंगलात माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं, त्या काळी एका उन्हाळ्यात नदी आटली. तेव्हा सिंहराजाने शाळा काढली. दुसऱ्यांसाठी झटणाऱ्या प्राण्यांना तिथे वाळूत झिरा खणून पाणी काढायला शिकवलं.

शिकून बाहेर पडताच काटेरी साळूने नदीच्या पात्रात झिरा खणला. पाणी लागलं. हरणं, ससे, मोर येऊन पिऊ लागले.

एका सकाळी ती पाहते, तर राजाचा शिपाई तरस रात्रीतच झिरा वाळूने बुजवून उभा होता.

"पात्रात खणायला मनाई आहे. जुना कायदा आहे," तो म्हणाला.

बुजलेल्या झिऱ्याशेजारी हरणाचं एक पाडस तहानेने मरून पडलं होतं.

साळू तडक दरबारात गेली. तिचे काटे ताठ उभे होते.

"महाराज, खणायला तुम्हीच शिकवलंत. मग बुजवायला कुणी पाठवलं?"

"कायद्याचं पावसाळ्यानंतर बघू," सिंह म्हणाला. "यंदा तुमच्यासाठी आणखी मोठी शाळा काढतोय."

"आग लागो त्या शाळेला! तिकडे पाडस मेलंय. आधी तो तरस हटवा!"

सिंहाने जांभई दिली.

साळू बाहेर पडली. शाळेत शिकलेले सगळे तिच्यामागे निघाले आणि भर दुपारी पात्रभर खणू लागले. तरस ओरडत धावला. तो एक झिरा बुजवेपर्यंत दुसरीकडे पाणी लागायचं. शेवटी तो धापा टाकत वाळूत बसला.

"मलाही घोटभर दे," तो म्हणाला.

"पी," साळू म्हणाली, "आणि मग ते पाडस पुरायला चल."