हिवाळ्याला न सापडलेलं नाव

एकदा काय झालं, दूर उत्तरेला, जिथं उन्हाळ्यातही डोंगरांच्या डोक्यावर बर्फ असतो ना, तिथं पाल्मो नावाची एक बाई राहायची. तिच्या दोन-चार शेळ्या आणि चिमे नावाची लेक. एवढाच तिचा संसार.

तिथला हिवाळा म्हणजे एक उंच म्हातारा, बरं का. पांढरं घोंगडं पांघरून तो डोंगरावरून उतरायचा आणि एकेका झाडाला नावानं हाक मारायचा. "अक्रोडा, पानं टाक." की अक्रोड बोडका. नाव घेतल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

एका वर्षी चिमेची छाती भरली. श्वास घुरघुर वाजायला लागला. मग पाल्मो पाला शोधायला निघाली. पण सगळं रान उघडंबोडकं. तेवढ्यात तिची शेळी खुरानं बर्फ उकरायला लागली. बघते तर खाली गुडघ्याएवढं झुडूप, हिरवंगार. पान चुरडलं तर कापरासारखा वास. त्याला कुणी नावच ठेवलं नव्हतं, म्हणून हिवाळ्याला हाक मारता आली नव्हती.

मग तिनं पाला उकळून चिमेला वाफ दिली. संध्याकाळी पोर म्हणाली, "आई, भूक लागली." पाल्मोचा जीव भांड्यात पडला. गावातली इतर पोरंही खोकत होती. तिनं घरोघरी पाला दिला.

हे हिवाळ्याला कळलं. तो दारात आला. "त्या झुडपाला नाव ठेव आणि मला सांग. तुला बर्फाचा महाल देतो."

"मला माझं घर पुरे आहे, आजोबा."

मग त्यानं झरा गोठवला. पाल्मोनं बर्फ वितळवून पाणी केलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "नाव सांग, नाहीतर मी इथून हलणारच नाही."

आता मात्र ती घाबरली. गवत उगवलं नाही तर शेळ्या जगायच्या कशा? तिनं विचार केला आणि गावभर फिरून सांगितलं, "ज्यानं त्यानं त्या झुडपाला आपलं वेगळं नाव ठेवावं." मग ती हिवाळ्याला म्हणाली, "गावात विचारा, आजोबा. कुणीही सांगेल."

एका घरी म्हणाले कापरी. दुसरीकडे शेळीपाला. तिसरीकडे बर्फतुळस. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या गेलेल्या बायकोचं नाव दिलं होतं. हिवाळा हाक मारी, "कापरी, पानं टाक." झुडूप म्हणे, "मला तर बर्फतुळस म्हणतात." हाका मारमारून हिवाळ्याचा घसा बसला. आवाजच फुटेना.

पाल्मोला त्याची दया आली. तिनं त्याच्यापुढे त्याच पाल्याचा वाफाळता टोप ठेवला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"राहू दे याची पानं," तो हळूच म्हणाला. मग घोंगडं खांद्यावर टाकून डोंगर चढून गेला.

झरा वाहायला लागला, गवत उगवलं. ते झुडूप अजूनही बारा महिने हिरवं असतं आणि घरोघरी त्याचं नाव वेगळं. पाल्मो आणि चिमे सुखानं राहिल्या. चला, आता पाय पांघरुणात घ्या, आणि डोळे मिटा बघू.