बांधावरचा भोंगा आणि तीन लाल मिनिटं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. जे झालं ते मात्र जसंच्या तसं लिहितो.

“पण त्याला उठवतं कोण?” उस्मानचाचांनी विचारलं.

“ते आपोआप उठतं, चाचा.”

“आपोआप म्हणजे कोण?”

मी टेबलाकडे बोट दाखवलं.

आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर माझं यंत्र होतं. यंत्र म्हणजे एक जुना लॅपटॉप, पडदा फुटलेला. त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा गोळा. दुसऱ्या वायरीला भोंगा. सकाळीच मी ते बांधावरून काढून सायकलवर बांधून आणलं होतं.

उस्मानचाचा चौतीस वर्षं जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. आता खाडीकाठच्या मोहल्ल्यात, घराच्या पडवीत बसून टाकून दिलेले लॅपटॉप उघडतात आणि त्यांच्यात लिनक्स ही फुकटातली प्रणाली घालतात. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. पहिले सहा महिने मला फक्त स्क्रू नीट लावायला दिले होते.

“उद्या पौर्णिमा आहे, चाचा,” मी म्हटलं. “उधाणाची भरती. आज हे नीट झालं नाही तर...”

“तर?”

“तर जनाकाकू.”



आमच्या गावाचं शेत खाडीच्या पातळीच्या खाली आहे. मध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला दाबून बंद होते. तिच्या फळ्या आता कुजल्यात. सगळ्यात खाली, उघाडीपासून हाकेवर, जनाकाकूचं घर. काकू आणि लकव्याने खाटेला खिळलेले धोंडूकाका, दोघंच. दिवसा गावातले लोक वरच्या वाडीकडे कामाला असतात. पाणी आत शिरलं तर कोणाला कळावं म्हणून मी हे यंत्र डब्यात घालून काकूच्या कुंपणाजवळ खांबावर बसवलं. बॅटरी वाचावी म्हणून ते झोपतं आणि दर पंधरा मिनिटांनी गजर लावल्यासारखं उठून पाणी मोजतं. पाणी चढलं की गोळा चढतो, भोंगा वाजतो, वरची माणसं धावत येतात.

गावाने माझ्यावर विश्वास टाकला. नववी नापास पोरावर.

आणि गेल्या अमावस्येला उघाडीची फळी निखळली. मी त्या दिवशी पनवेलला होतो. मित्राचा निरोप आला: ‘काकूच्या घरात कमरेएवढं पाणी. तुझा भोंगा झोपला होता.’

काका-काकू वाचले, एवढं कळलं. पुढचं मी कोणाला विचारलं नाही.

“त्यानंतर मी तेरा ओळी घातल्या, चाचा,” मी सांगू लागलो. यंत्राने कसं झोपायचं, काय काय बंद करायचं, हे ज्या फाईलमध्ये लिहितात, त्या फाईलबद्दल मी बोलत होतो. “जवळजवळ रोज एक. इंटरनेटवर जे जे सापडलं ते सगळं. प्रोसेसरचा वेग उतरवला, वायफाय तोडलं, डिस्कला...”

“आधीची एक होतीच ना?”

“हो. आता चौदा झाल्या.”

“आणि बांधावर उठतं?”

“मी बघायला जातो तेव्हा उठतं, एरवीचं काही कळत नाही. पण घरी टेबलावर वीसपैकी वीस वेळा उठलं! मी स्वतः तपासलंय. झोपवलं, उठलं, पाणी मोजलं, भोंगा वाजवला. माझ्या कामात चूक नाहीये. मला वाटतं लिनक्सच्या गाभ्यातच, त्या कर्नलमध्येच काहीतरी...”

“हं,” चाचा म्हणाले. “चूक नेहमी लांब राहते. आपल्या घरी ती कधी येत नाही.”

मग त्यांनी हात वर केला.

भिंतीवर जहाजावरचं गोल घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर सव्वापासून पुढे तीन मिनिटांची लाल पट्टी, आणि पाऊणपासून पुढे तशीच दुसरी. वायरलेसच्या काळात त्या तीन मिनिटांत समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी आपलं बोलणं थांबवून नुसतं ऐकायचं असायचं. लांब कुठे कोणी बुडत असेल, तर त्याची बारीक हाक बाकीच्यांच्या गलक्यात हरवू नये. वायरलेस गेलं. जहाजं गेली. चाचांची तीन मिनिटं राहिली. काटा लाल पट्टीत शिरला की पडवीत कोणी बोलत नाही. एरवी भांडी आपटणारी चाचीसुद्धा त्या वेळात पातेलं अलगद ठेवते.

खरं सांगायचं तर मला ते म्हाताऱ्याचं वेड वाटायचं. त्या तीन मिनिटांत मी मनातल्या मनात पुढची ओळ रचत असायचो.

पावणेअकरा झाले होते. हात वर करण्याआधी चाचांनी एवढंच सांगितलं होतं, “झोपव. दोन मिनिटांनी उठायला सांग.”

मी यंत्राला झोपवलं. दिवा मंदपणे लुकलुकू लागला.

खाडीवरून वारा येत होता... कुठेतरी होडी खरवडल्याचा आवाज...

काटा लाल पट्टीतून बाहेर आला. दिवा तसाच लुकलुकत होता.

माझं बोट आपोआप लॅपटॉपच्या बटणाकडे गेलं. उस्मानचाचांनी माझं मनगट धरलं.

“हे काय?”

“उठवतो... म्हणजे, चालू आहे का बघतो.”

“घरी वीस वेळा उठलं, तेव्हा हेच बोट होतं?”

तेच होतं. पंधरा-पंधरा मिनिटं गजराची वाट बघत बसायला कंटाळा यायचा. म्हणून बटण दाबून बघायचो.

“हे बोट बांधावर असतं का रे, सदा?”

“...नाही, चाचा.”

त्यांनी मनगट सोडलं. मला वाटलं आता रागावतील. ते उठून आत गेले आणि चहा सांगून आले.

“एक ओळ काढ,” ते म्हणाले. “एकच. मग पुन्हा झोपव.”

“सगळ्या काढू का एकदम? वेळ नाहीये. उद्या...”

“एकावर एक घालत गेलास म्हणून तर काही कळत नाहीये.”

मी चौदावी काढली, कालच घातलेली. सव्वाअकराला चाचांचा हात वर गेला. यंत्र झोपलं. तीन मिनिटं... उठलं नाही.

तेरावी काढली. पावणेबारा. उठलं नाही.

बारावी. सव्वाबारा. उठलं नाही.

दोन खेपांच्या मध्ये अर्धा तास असायचा. त्या अर्ध्या तासात मला उद्याचं पाणी दिसत राहायचं. उद्याची भरतीही सव्वाबारालाच होती. उद्या या वेळी, असं मी मनात म्हणत होतो, उद्या बरोबर या वेळी. चाचा मात्र एका रेडिओला कथील लावत होते.

“अशा चौदा काढायला संध्याकाळ होईल, चाचा!”

“होईल.”

“तुम्हाला माहीत आहे ना कोणती ते? सांगा ना.”

“मला एवढंच माहीत आहे की तू चुकीच्या टोकाकडून चालला आहेस.” त्यांनी कथील खाली ठेवलं. “या सगळ्यांत तुझा सगळ्यात जास्त विश्वास कोणत्या ओळीवर आहे?”

मला विचार करावा लागला नाही. “पहिल्या. ती अगदी खात्रीची. ती घातली म्हणून तर यंत्र टिकलं.”

“काय करते ती?”

“सुरुवातीला गोळा लाटेने जरा हलला तरी यंत्र जागं व्हायचं. कधी बगळा वायरीवर बसला की जागं. दिवसभर उठ-झोप, उठ-झोप. ढगांमुळे उन्हावरचं पॅनेल पुरत नव्हतं, दुपारपर्यंत बॅटरी खलास. मग ही ओळ मिळाली. यंत्राला जे जे कोणी उठवू शकतात, त्यांची आत एक यादी असते. ही ओळ त्या यादीतल्या सगळ्यांना बंद करते. एका फटक्यात शांत! बॅटरी चार दिवस चालली.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. झाकण, कीबोर्ड, गोळ्याची वायर...”

मी थांबलो.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“...घड्याळाचा गजरपण,” मी म्हटलं.

“ती काढ.”

पाऊण वाजला. हात वर गेला. मी यंत्राला झोपवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. त्या वेळी मनात पुढची कुठलीच ओळ आली नाही. नुसता दिवा बघत होतो. एक मिनिट... दोन... आतून पंख्याचा हलका आवाज आला आणि दिवा हिरवा झाला. कोणीही हात लावला नव्हता.

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. लाल पट्टी अजून संपायची होती.

नंतर मी एकट्या गोळ्याच्या वायरीला उठवायची बंदी केली आणि गजराला चालू ठेवलं. बाकीच्या भीतीपोटी घातलेल्या ओळी पुसून टाकल्या. सव्वाला पुन्हा बघितलं. गोळा हातात वर धरून हलवला, यंत्र झोपून राहिलं. वेळ झाली, उठलं, भोंगा असा वाजला की चाचीने आतून ओरडून विचारलं, कोण मेलं म्हणून.

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

“पंधरा दिवस लागले, चाचा,” मी म्हटलं. “पण सापडली एकदाची.”

“जनाबाईला पहिल्याच दिवशी सापडली होती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“अमावस्येला पाणी शिरलं,” चाचा म्हणाले, “तेव्हा तिने नवऱ्याला टेबलावर चढवलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून तुझ्या खांबापाशी गेली. डब्याचं झाकण उघडलं. दिवा लुकलुकत होता. तिने बटण दाबलं. भोंगा वाजला. माणसं आली. नाहीतर धोंडू आज नसता.”

“मला... मला कोणी बोललं नाही.”

“ती तुला तेच सांगायला फोन करत होती. ‘पोराला सांगा, दाबलं की वाजतो, आपला आपण वाजत नाही.’ शेवटी तिने मला केला.”

माझा फोन शर्टाच्या खिशात होता. अमावस्येच्या संध्याकाळी काकूचा पहिला फोन आला होता. मी तिचं नाव बघितलं आणि तिचा आवाज बंद करून ठेवला. ती काय बोलेल ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. मग वरच्या वाडीतल्या सगळ्यांचा बंद केला. मग फोनचाच.

चाचांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो उघडून बघितला नाही. लॅपटॉपच्या शेजारी टेबलावर ठेवला, तसाच, पालथा.

बराच वेळ दोन्ही यंत्रं तशी शेजारी शेजारी पडून होती.

संध्याकाळी मी लॅपटॉप पुन्हा सायकलला बांधला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. शेवटी विचारलंच.

“चाचा, उद्या तरीही नाही उठलं तर?”

“भरती किती वाजता म्हणालास?”

“सव्वाबारा.”

ते आत गेले. घड्याळासमोर उभे राहिले आणि लाल पट्टी जिथे सुरू होते तिथे त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

“सव्वाबाराला...” ते म्हणाले. “मी ऐकत असेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी यंत्र खांबावर बसवलं. पहिल्या खेपेला ते आपणहून उठेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिलो. मग फोनचा आवाज पूर्ण वर केला आणि काकूच्या अंगणात गेलो. ती चूल फुंकत होती.

“मेल्या,” ती म्हणाली, “किती फोन केले तुला!”

“एकोणीस,” मी म्हटलं. “कशाला केलेस ते आता सांग.”

मी ओट्यावर बसलो. तिने पाणी शिरलं तिथपासून सुरुवात केली आणि बटणापर्यंत आली. मला ते सगळं माहीत होतं. मी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं.