खड्डा कुणाचा?

नदीकाठची ती जमीन इनामदार दाजीसाहेबांची, पण ठकूबाई ती रीतसर खंडाने कसत होती. ती माहेरी गेली, तेवढ्यात दाजीसाहेबांनी आल्याच्या उभ्या पिकासकट माती खणून वीटभट्टीवर नेली. मागे उरला पुरुषभर खोल खड्डा. आता वर्षभर खायचं काय, या धास्तीने ठकूबाईने मामलेदारांची कचेरी गाठली.

दाजीसाहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "माझी जमीन, माझी माती. हिचं काय गेलं?"

कचेरी हसली. ठकूबाईने तोंड उघडलं.

"माती तुमचीच, धनी. नेलीत, बरं केलंत. मग खड्डा माझ्याकडे कशाला ठेवलात? मी खंड भरते तो जमिनीचा. तुमचा खड्डा पण उचलून न्या."

"खुळी का काय तू, ठके? खड्डा कधी उचलता येतो?"

"नाही ना? मग भरून द्या. आणि तोवर माझं जे पीक बुडेल, त्याची भरपाई द्या."

मामलेदारांनी मान डोलावली. "कसणारीचा हक्कच आहे तो, दाजीसाहेब. द्यावी लागेल."

आता कचेरी दाजीसाहेबांना हसली. एकटी ठकूबाई हसली नाही. शेणखत घालून तिने पोसलेली माती भट्टीत केव्हाच लाल झाली होती. खड्ड्यात पडणार होता तो नुसता मुरूम.